आवड कोणाची, मागणी कोणाची?

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत ग्राहकाला सार्वभौम मानण्याची प्रथा जुनी आहे. ‘ग्राहकाचे सार्वभौमत्व’ ही संज्ञा डब्ल्यू. एच. हट या अर्थशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात रूढ केली आणि तेव्हापासून ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून अखंड वाहत आली आहे. बाजारात ग्राहक जणू मतदान करतो, त्याच्या खिशातील प्रत्येक रुपया हे एक मत, आणि ज्या वस्तूला मते अधिक तिचे उत्पादन अधिक, असा या विचाराचा सारांश. मांडणी सुबक आहे. परंतु मतदाराचे मत मुळात बनते कसे, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही. ग्राहक आपली आवड घरूनच ठरवून निघतो, असे एकदा गृहीत धरले की पुढचे सगळे गणित सोपे होते. प्रत्यक्षात ती आवड पुष्कळदा कोणी तरी खर्चाने आणि चिकाटीने घडवलेली असते. आणि हे काम जितके बेमालूम साधते, तितकी ती आवड माणसाला स्वतःची वाटू लागते.

या प्रश्नाकडे सामान्यतः दोन टोकांवरून पाहिले जाते. एका टोकाला, जाहिरातदार आणि प्रचारक लोकांना मेंढरांसारखे हाकतात, असे मानणारे आहेत. दुसऱ्या टोकाला, कोणी कोणाला बळजबरीने काही विकत नाही, तेव्हा तक्रारीचे कारण काय, असे विचारणारे आहेत. पहिला पक्ष माणसाच्या बुद्धीचा अपमान करतो, तर दुसरा तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करतो. वास्तव या दोहोंच्या मध्ये कोठे आहे, हे पाहण्यासाठी सिद्धान्तापेक्षा एखाद्या रोजच्या वस्तूचा इतिहास तपासणे अधिक उपयोगी ठरेल. त्या दृष्टीने चहासारखी दुसरी वस्तू सापडणे कठीण.

एका पेल्याचा इतिहास

आज मराठी घरात आलेल्या पाहुण्याला चहा विचारला नाही तर तो अनादर ठरतो. कचेरीतील कामाची लाच ‘चहापाणी’ या नावाने मागितली जाते, आणि पुण्यातील चहाच्या दुकानांनी ‘अमृततुल्य’ हे संस्कृत नाव धारण केले आहे. हे सर्व पाहणाऱ्याला चहा ही आपली परंपरागत वस्तू वाटली तर नवल नाही. पण या परंपरेचे वय फार थोडे आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील एका समारंभानंतर गोपाळराव जोशी यांच्या निमंत्रणावरून जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते. ही वार्ता वृत्तपत्रातून फुटली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या वादात आक्षेपाचा मुद्दा मिशनऱ्यांच्या घरच्या पेयाचा होता, चहाच्या पानांचा नव्हता, हे खरे. तथापि ज्या समाजात चहाचा पेला वादाचे निमित्त होऊ शकत होता, त्याच समाजात दोन-तीन पिढ्यांच्या आत त्या पेल्यावाचून सकाळ उजाडेनाशी झाली, हा बदल साधा नाही.

तो आपोआपही झालेला नाही. आसामात चहाचे मळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले, परंतु त्यांचा माल मुख्यतः विलायतेत विकण्यासाठी होता. देशातील गिऱ्हाईक मळेवाल्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला. तो खुद्द मळेवाल्यांनीच मागून घेतला होता, आणि त्याचे उत्पन्न चहाच्या प्रसारावर खर्च करावयाचे होते. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले, आणि १९३३ सालच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये हिंदुस्थान, सिलोन व डच ईस्ट इंडीज यांनी निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. माल तर पिकत होता आणि बाहेरची वाट अरुंद झाली होती. तेव्हा घरच्या बाजारपेठेकडे सर्व शक्तीनिशी मोर्चा वळवण्यात आला. १९३७ साली या कामासाठीच्या समितीचे ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ असे नामांतर झाले, आणि नावातच हेतू आला.

या मोहिमेची साधने आजच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगी आहेत. बाजाराच्या चौकात चहा करून दाखवणारे प्रचारक नेमले गेले आणि लोकांना पेले फुकट पाजण्यात आले. चहा कसा करावा याच्या सूचना देशी भाषांतून रंगवलेल्या पत्र्यांवर रेल्वे-स्थानकांत झळकू लागल्या. गरिबाला एका वेळेपुरती पत्ती घेता यावी म्हणून पैशाच्या पुड्या निघाल्या. गिरण्या, कारखाने आणि कोळशाच्या खाणी येथे कामगारांना चहा मिळण्याची सोय करण्यात आली, आणि चहाने कामाला हुशारी येते हे मालकांना पटवण्यात आले. थोडक्यात, चव, सोय, किंमत आणि सवय या चारही बाजूंनी ग्राहकाला वेढण्यात आले. स्वातंत्र्याच्या सुमारास तर चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचे सांगणारे, चरख्याशेजारी बसलेल्या स्त्रीचे चित्र असलेले भित्तिपत्रक निघाले. जो व्यवसाय परकीय भांडवलाने आणि मजुरांच्या हालांवर उभा राहिला, त्याने राष्ट्रीय चळवळीचेच चिन्ह अंगावर पांघरावे, यापेक्षा प्रचारकलेचा मोठा विजय कोणता? आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा देशातच खपतो.

मात्र ही कथा एवढ्यावर संपवली तर ती अर्धीच सांगितली जाईल. या सर्व काळात चहाला उघड विरोधही होत होता. महात्मा गांधींनी आरोग्यावरील लेखनात चहाची अनावश्यकता सांगितली, तर बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध लेखणी उचलली. दुसरे म्हणजे, लोकांनी चहा स्वीकारला तो प्रचारकांच्या अटींवर नव्हे. पत्तीवर उकळते पाणी ओतून थोडे दूध घालावे, ही पत्र्यावरची रीत बाजूला सारून टपरीवाल्याने दूध, साखर, आले, वेलदोडा यांसह तो खळखळा उकळला. त्यात पत्ती कमी लागत असल्याने मळेवाल्यांना ही रीत पसंत नव्हती, पण ती टिकली. अखेर उत्पादकांनाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. कमी पत्तीत अधिक कडक रंग देणारा सीटीसी यंत्राचा दाणेदार चहा स्वातंत्र्यानंतर देशभर पसरला, तो या उकळत्या दुधाच्या चहाला सोयीचा म्हणूनच. ग्राहक हा मेणाचा गोळा नाही, हे या इतिहासाचे दुसरे तात्पर्य होय.

गालब्रेथ आणि हायेक

या दोन तात्पर्यांमधील ताण अर्थशास्त्रातील एका गाजलेल्या वादातही दिसतो. पुढे १९६१ ते १९६३ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात असा मुद्दा मांडला की, संपन्न समाजात उत्पादन गरजा भागवते तसेच गरजा निर्माणही करते. ज्याने भूक लावली त्यानेच अन्न पुरवले, तर त्या पुरवठ्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. यावर फ्रीड्रिख हायेक यांनी १९६१ साली दिलेले उत्तर तितकेच मार्मिक होते. उपजत गरजा अन्न, निवारा आणि आणखी एक-दोन. बाकी सर्व गरजा माणूस इतरांकडे पाहूनच शिकतो. साहित्य आणि संगीत यांची गोडीही कोणी उपजत घेऊन येत नाही. मग शिकलेली गरज तेवढ्यावरून कमी दर्जाची कशी ठरते?

हायेक यांचा आक्षेप मान्य करावाच लागेल. शिक्षकाचा सारा व्यवसाय मन वळवण्याचाच आहे. लसीकरण, साक्षरता, कुटुंबनियोजन ही कार्येही प्रचारावाचून झाली नसती. १९६८ साली ‘निरोध’ची विक्री सुरू झाली तेव्हा तीन नगांना १५ पैसे या दराने तो खेडोपाडी पोचवण्यासाठी सरकारने ज्या कंपन्यांच्या वितरण-जाळ्याचा आधार घेतला, त्यांत ब्रुक बाँड आणि लिप्टन या चहाच्या कंपन्याही होत्या. चहाने पाडलेल्या वाटेनेच लोकसंख्या-नियंत्रणाचा संदेशही गेला. उलट, १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात मन वळवण्याऐवजी सक्तीचा मार्ग पत्करला गेला, तेव्हा त्या कार्यक्रमाची विश्वासार्हताच धुळीस मिळाली. तेव्हा इतरांच्या प्रभावाखाली येणे हा दोष नव्हे. ती समाजात राहण्याची अटच आहे. उपजत आवड चांगली आणि शिकवलेली वाईट, अशी रेघ ओढता येत नाही.

रेघ ओढावयाची ती निराळ्या ठिकाणी. काही प्रभाव असे असतात की, ते ओळखू आल्यावरही टिकतात. चहा फुकट पाजणारा माणूस चहा-व्यवसायाचा पगारी नोकर आहे, हे चौकातील प्रत्येकाला दिसत होते. तरीही चहा आवडला तो आवडलाच. आणि काही प्रभाव असे असतात की, ते ओळखू येईपर्यंतच चालतात. त्यांचे सारे बळ समोरच्याच्या बेसावधपणात असते. पहिला प्रकार मन वळवण्याचा, दुसरा मनाला बगल देण्याचा. लोकशाहीत पहिल्याला मज्जाव करता येणार नाही, आणि दुसऱ्याला मोकळीक देता कामा नये.

होकाराचा सापळा

गेल्या काही दशकांत या दुसऱ्या प्रकाराचे शास्त्रच तयार झाले आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीचे युरोपीय देशांतील प्रमाण दाखवले होते. जर्मनीत ते १२ टक्के होते, तर शेजारच्या ऑस्ट्रियात जवळजवळ १०० टक्के. दोन्ही देशांची भाषा एक, संस्कृती जवळची. फरक एवढाच की, जर्मनीत संमती मुद्दाम नोंदवावी लागे, तर ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही की संमती गृहीत धरली जाई. कागदावरील एका चौकटीने जे घडवले ते कोणत्याही प्रवचनाला साधले नसते. रिचर्ड थेलर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी अशा ज्ञानाचा उपयोग लोकांना निवृत्तीसाठी बचत करावयास लावण्यासाठी सुचवला, आणि २०१७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण चौकटीचे हे सामर्थ्य भल्यासाठीच वापरले जाईल याची हमी कोण देणार?

मोबाइलच्या पडद्यावर आज जे चालते ते पाहिले म्हणजे ही शंका अनाठायी वाटत नाही. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, हिशेबाच्या वेळी टोपलीत गुपचूप आलेला विमा किंवा देणगी, नकाराच्या कळीवर ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ अशा धर्तीचे लाजवणारे वाक्य, एका बोटाने सुरू होणारी आणि दहा पायऱ्या उतरल्यावरही बंद न होणारी वर्गणी, हे प्रकार शहरी-ग्रामीण सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नावानिशी मनाई केली. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. तरी ‘बिनव्याजी हप्त्या’चे आकर्षण ओसरलेले नाही.

या सर्वांहून गंभीर उदाहरण शेअर बाजारातील वायद्यांचे, म्हणजे ‘फ्युचर्स’ व ‘ऑप्शन्स’चे आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत हे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि एकूण तोट्याची रक्कम एक लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. २०२३-२४ मध्ये या मंडळींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांच्या आत होते, आणि तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले होते. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक-संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा कमावला, तोही बव्हंशी संगणकीय आज्ञावलींच्या साह्याने. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला लोकलच्या डब्यात उभा राहून बोट फिरवणारा कारकून किंवा विद्यार्थी, असा हा सामना आहे.

यातील सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. लागोपाठ दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी तिसऱ्या वर्षीही हेच व्यवहार चालू ठेवले. ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो, या म्हणीवर बाजाराच्या स्वयंसुधारणेचा सिद्धान्त उभा आहे. येथे ठेच लागूनही पाऊल थांबत नाही. कारण पाऊल टाकावयास लावणारी यंत्रणा अहोरात्र चालू असते. नफ्याचे आकडे मिरवणारी चित्रफीत दाखवणारा ‘गुरू’, ओळखीच्या कोणाला तरी झालेल्या लाभाची वार्ता, सूचनांची घंटा आणि एका स्पर्शात पुरा होणारा सौदा, हे सर्व एकत्र आले की विचाराला उसंत उरत नाही. दलाली प्रत्येक सौद्यावर मिळते, गिऱ्हाइकाच्या नफ्यावर नव्हे. तेव्हा गिऱ्हाइकाने थांबून विचार करण्यात यंत्रणेतील कोणाचेच हित नाही. तोट्याची ही रक्कम अखेर मुलांच्या फीची, घराच्या हप्त्याची आणि आईवडिलांच्या औषधपाण्याची असते. प्रभाव आणि निवड हा विषय म्हणूनच केवळ तात्त्विक चर्चेचा राहत नाही.

तीन कसोट्या

कायदा स्वस्थ बसलेला नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी दहा लाख आणि पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘सेबी’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये वायद्यांच्या सौद्याचे किमान मूल्य वाढवले आणि साप्ताहिक मुदतीच्या सौद्यांवर बंधन आणले. तरीही २०२४-२५ या वर्षात ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या. कायदा नेहमी एक पाऊल मागे असतो. १३ क्लृप्त्यांना बंदी झाली की चौदावी निघते. म्हणून कायद्याला आणि नागरिकालाही लावता येतील अशा काही कसोट्या हव्यात.

पहिली कसोटी, बोलणारा कोण आणि त्याला पैसे कोण देतो हे उघड आहे काय? दुसरी, नकार देण्याची वाट होकाराइतकीच सोपी आणि लज्जारहित आहे काय? तिसरी, निर्णयापूर्वी विचारासाठी अवधी आहे काय? चहाच्या चौकातील प्रचारकाचे पुष्कळ दोष काढता येतील, पण या तीन कसोट्यांना तो बऱ्याच अंशी उतरत होता. पेला नाकारून पुढे जाणाऱ्याच्या मागे तो घरापर्यंत येत नव्हता. आज पडद्यामागचा प्रचारक खिशात बसून असतो, त्याला गिऱ्हाइकाच्या दुबळ्या घटका ठाऊक असतात, आणि त्याचा पगार कोण देतो हे बहुधा कळत नाही. जी योजना तिन्ही कसोट्यांवर नापास होते तिला ‘ग्राहकाची मुक्त निवड’ हे नाव देणे म्हणजे भाषेची फसवणूक होय.

या कसोट्या रुजवण्याची जागा शाळा-महाविद्यालये हीच आहे. चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडवून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी हप्त्याच्या कराराखाली डोळे झाकून सही करतो, यात दोष त्याच्या एकट्याचा नाही. गणिताच्या तासाला एखादी खरी जाहिरात आणि मराठीच्या तासाला एखादे निवडणुकीचे भाषण उकलून पाहिले, तर अभ्यासक्रमाला फारशी नवी भर न घालताही पुष्कळ साधेल. परीक्षेत या गोष्टींना गुण नसतात, ही सबब खरी आहे. म्हणूनच ती दूर करण्याचा आग्रह शिक्षकांच्या संघटनांनी धरावयास हवा.

तथापि व्यक्तीला एकट्याने सावध राहा असे सांगून भागणार नाही, कारण प्रभाव मुळात सामाजिक असतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहेत. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी रेघ कोणती, असा सोपा प्रश्न होता. पण खोलीतील इतर सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की, सुमारे एक-तृतीयांश वेळा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून त्यांच्यामागे जाई. हा निष्कर्ष पुष्कळदा सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. खोलीत एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी मागे जाण्याचे हे प्रमाण झपाट्याने खाली येई. बहुमताचे दडपण दूर करण्यासाठी दुसरे बहुमत लागत नाही. एक निर्भीड आवाज पुरतो.

शिक्षकांच्या खोलीत, कचेरीच्या जेवणाच्या सुटीत, वसतिगृहाच्या गच्चीवर जेव्हा नव्या योजनेची, नव्या ‘गुरू’ची किंवा हमखास दुप्पट होणाऱ्या पैशाची चर्चा रंगते, तेव्हा तेथे असा आवाज बहुधा उपस्थित असतो. तो भिडेने गप्प राहतो, रंगाचा बेरंग नको म्हणून हसून माना डोलावतो. त्याच्या मौनाची किंमत पुढे कोणाला तरी रोख मोजावी लागते. ‘हे सांगणाऱ्याला यातून काय मिळते?’ हा एक प्रश्न त्याने मोठ्याने विचारला, तर ग्राहकाच्या सार्वभौमत्वाची जी गोष्ट पाठ्यपुस्तकात गृहीत धरली आहे, ती निदान त्या खोलीपुरती खरी होण्यास प्रारंभ होईल.